स्पाइक काढले म्हणजे बूट स्पाइकलेस होत नाहीत

गोल्फच्या बुटांबद्दल आमच्या ग्राहकांसाठी थोडी माहिती

रविवारी सकाळचा राउंड आटोपून, नाश्ता करून मंडळी अकरा-साडेअकराला दुकानात येतात. पिशवीतून तळव्याला स्पाइक (गवतात रुतणाऱ्या टोच्या) लावलेले बूट निघतात, काउंटरवर उलटे ठेवले जातात, आणि पुढचं वाक्य आता आम्हाला पाठ झालंय: “एवढे स्पाइक काढून द्या. आता स्पाइकलेस वापरायचं ठरवलंय.”

ठरवलंत ते चांगलंच केलंत. पण हे काम आम्ही करत नाही. का करत नाही ते सांगण्यात दर वेळी आमची पंधरा मिनिटं जातात, तुमचीही जातात, आणि मागे उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा आम्हाला दिसत असतो. म्हणून हे पत्रक. घरी नेऊन सावकाश वाचा.

स्पाइकच्या बुटाचा सोल कडक प्लास्टिकचा असतो. कडक असावाच लागतो, कारण त्यात आट्यांच्या वाट्या बसवलेल्या असतात. स्पाइक ज्या भोकात फिरवून बसवतात त्याला आम्ही दुकानात ‘वाटी’ म्हणतो. एका बुटाला बहुधा सहा ते नऊ वाट्या असतात. गवत धरून ठेवायचं मुख्य काम स्पाइकचं. मधे मधे सोललाच छोटे उंचवटे दिलेले असतात, पण ते नुसते मदतीला. स्पाइक काढलेत की खाली उरतो तो एक कडक, जवळपास सपाट तळवा आणि त्यात सहा-नऊ उघडी भोकं. स्पाइकलेस बुटाचं तसं नसतं. त्याचा सोल मऊ रबराचा असतो आणि त्या रबरातच बारीक दाणे ओतलेले असतात, काही जोडांत शंभराच्या घरात. स्पाइक कमी जागी खोल रुततो. दाणे रुतत नाहीत, ते जास्त जागी थोडं थोडं धरतात. थोडक्यात, एकातून काहीतरी वजा करून दुसरा तयार होत नाही.

वाट्या उघड्या राहिल्या की काय होतं ते एका जोडावरून सांगतो. एका ग्राहकाने घरीच स्क्रूड्रायव्हरने सगळे स्पाइक काढले आणि एप्रिल-मे महिन्यांत तसेच खेळले. कोरडं गवत होतं, काही बिघडलं नाही. जूनचा पहिला पाऊस झाला, दुसऱ्या टीवर (होलचा पहिला फटका मारायच्या जागी) पाय सटकला, आणि सोमवारी बूट आमच्याकडे: “नवीन स्पाइक बसवून द्या, दहा मिनिटांचं काम आहे.” दोन्ही बुटांत मिळून चौदा वाट्या होत्या. प्रत्येकीत माती, वाळू आणि गवताचे तुकडे दोन महिने पायाखाली दाबले जाऊन पार विटेसारखे झालेले. कोमट पाण्यात भिजवून, बारीक आरीने एकेक वाटी कोरत बसलो. आरी जरा तिरकी लागली की प्लास्टिकचा आटा कापला जातो, त्यामुळे घाई करता येत नाही. दीड तास गेला. तीन वाट्यांचे आटे आधीच गेले होते, कारण वाळूवर वजन पडलं की ती आटे घासते. त्या तीन वाट्यांत आता कुठलाच स्पाइक टिकत नाही. चांगल्या लेदरचा, वरून अजून नव्यासारखा दिसणारा जोड होता. ते ग्राहक नाराज झाले आणि खरं सांगायचं तर आम्हीही झालो.

म्हणून आमचा नियम असा आहे: जुना स्पाइक काढला की त्याच बैठकीत नवा बसवायचा. मोकळ्या वाट्यांचा बूट आमच्या दुकानातून बाहेर जात नाही. ‘पैसे देतोय ना, मग काढून द्यायला काय जातं’ असं कोणी म्हणतं. जातं ते तुमचंच. जूनमध्ये मोकळ्या वाट्यांचा बूट आलाच तर साफसफाईची मजुरी वेगळी लागते. ती बोर्डावर लिहिलेली आहे, आणि आम्हाला ती कमवायची हौस नाही.

आता मुद्द्याचं: स्पाइकलेस घ्यावेत का?

बहुतेकांनी घ्यावेत. इथून सुरुवात करतो, कारण आम्ही स्पाइकलेसच्या विरोधात आहोत असा काहींचा समज झालाय. गोल्फचे बूट म्हणजे खाली लोखंडी खिळे, हीच एके काळी रीत होती. खिळ्यांनी ग्रीनची (भोकाभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या गवताची) चाळण व्हायची, म्हणून १९९० च्या दशकात प्लास्टिकचे मऊ स्पाइक आले आणि एकामागून एक क्लबांनी लोखंडी बंद केले. पुढची पायरी स्पाइकच नसलेल्या बुटांची. २०१० च्या मास्टर्स या अमेरिकेतल्या मोठ्या स्पर्धेत तिथले गोल्फपटू फ्रेड कपल्स तसले बूट घालून उतरले, पायात मोजेसुद्धा नव्हते, आणि पहिल्या दिवशी ६६ फटक्यांत राउंड संपवून आघाडीवर राहिले. त्यानंतर स्पाइकलेस बुटांकडे ‘घरात घालायचे बूट’ म्हणून बघणं कमी झालं. (मोजे न घालण्याची नक्कल मात्र करू नका. पुण्याच्या मे महिन्यात तो बूट आठवड्याभरात आपणहून बोलायला लागतो.)

हे बूट हलके असतात, तळवा वाकतो, अठरा होल चालून आल्यावर टाचा कुरकुरत नाहीत. क्लबहाउसच्या गुळगुळीत फरशीवर झिजलेल्या स्पाइकने जशी घसरगुंडी होते तशी यात होत नाही. ग्रीनवर ओरखडेही कमी पडतात. २०१९ च्या नियमांपासून पटिंगच्या (ग्रीनवर चेंडू भोकाकडे ढकलायच्या) रेषेतले स्पाइकचे ओरखडे बुजवायला परवानगी आहे, हे खरं, पण मागून येणाऱ्या चौघांसाठी तुम्ही ओरखडे सोडावेत असा त्याचा अर्थ नाही.

गुडघ्याच्या तक्रारीमुळे बदलणारेही बरेच येतात. नव्या स्पाइकने डावा पाय जमिनीत असा रुततो की फॉलो-थ्रूमध्ये, म्हणजे फटका बसल्यानंतर, शरीर फिरतं आणि पाऊल जागेवरच राहतं. मधला पीळ गुडघ्याने सोसायचा. दाण्यांचा सोल थोडा फिरू देतो. बरं वाटतं असं सांगणारे आहेत, पण गुडघ्याबाबत डॉक्टरांना विचारा, आम्हाला नको.

मग अडतं कुठे? पाण्यात.

आपल्याकडच्या फेअरवेवरचं (टी ते ग्रीन मधल्या कापलेल्या पट्ट्यावरचं) बर्म्युडा गवत म्हणजे आपली हरळीच. कोरडी असताना तिच्यावर दाण्यांचा सोल झकास धरतो. पण जून ते सप्टेंबर खाली माती भिजलेली असते. आपली काळी माती ओली झाली की तिचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे: दोन पावलांत दाण्यांच्या मधल्या फटी भरतात आणि मग तुम्ही रबरावर नाही, मातीवर उभे असता. स्पाइकचे पाय लांब आणि विरळ असतात, त्यातून चिखल बराचसा आपोआप गळतो. येरवड्याच्या गोल्फ मैदानावर पावसात खेळणाऱ्यांना हे सांगायला नको, आणि बावधनकडे टेकडीच्या चढउतारावर उभं राहून सेकंड शॉट मारणाऱ्यांना तर नकोच.

डिसेंबर-जानेवारीचं दव मात्र लोक विसरतात. आभाळ स्वच्छ, पावसाचं नाव नाही, म्हणून स्पाइकलेस घालून साडेसहाला पहिल्या टीवर जातात. तेव्हा गवत भिजलेलंच असतं, फक्त वरून. पहिले चार-पाच होल जपून खेळा, किंवा पट्ट्याला एक जुना टॉवेल अडकवा आणि टी-शॉटच्या आधी सोल पुसा. नऊनंतर ऊन चढलं की काही प्रश्न नाही.

म्हणून आमचा सल्ला दोन जोडांचा आहे: ऑक्टोबर ते मे स्पाइकलेस, पावसाळ्यात जुना स्पाइकचा. ‘दोन जोड विकायचा डाव आहे’ असं तोंडावर म्हणणारेही आहेत. पुण्यात दुकान चालवायचं तर हे ऐकून घ्यावंच लागतं. पण बघा, दुसरा जोड विकत घ्या असं आम्ही म्हणतच नाही. तो तुमच्याकडे आहे. ज्याचे स्पाइक तुम्ही काढून टाकायला निघाला होतात, तोच. मेच्या सुरुवातीला त्याला नवे स्पाइक बसवून घ्या, पावसाळाभर निघतो. आणि तुम्ही पावसात खेळतच नसाल, उन्हं वर आल्यावरच बाहेर पडत असाल, तर एकटा स्पाइकलेस पुरे. तसं आम्ही सांगतो आणि तेवढंच बिल करतो.

स्पाइकलेस घेतल्यावरची एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, म्हणजे वर्षाने वाद नको. दाणे बदलता येत नाहीत. स्पाइक झिजला तर नवा बसतो. दाणा झिजला की सोल गेला, आणि नवा सोल चिकटवण्याचा खर्च नव्या बुटाच्या इतका जवळ जातो की आम्हीच नको म्हणतो. हे बूट दिसायला साध्या बुटांसारखे असतात, हाच त्यांचा शाप. माणूस घरून घालून निघतो, तेच घालून गाडी चालवतो, येताना भाजी घेतो, पेट्रोल पंपावर उतरतो, आणि सोमवारी कॅज्युअल म्हणून ऑफिसलाही जातो. डांबर आणि सिमेंट मऊ रबर खातात. उजव्या हाताने खेळणाऱ्यांच्या डाव्या बुटाची बाहेरची कड आणि उजव्या बुटाचा अंगठ्याखालचा भाग आधी गुळगुळीत होतो. तिथल्या दाण्यांवरून बोट फिरवा, कड बोटाला टोचत नसेल तर तो बूट यापुढे भाजीचाच. मैदानापर्यंत चपला घालून जा, बूट तिथे बदला.

नंबराबद्दल. अमेरिकेतल्या मुलाने पाठवलेले किंवा सुट्टीत येताना आणलेले बूट घेऊन “चावतात, जरा ताणून द्या” म्हणून दर आठवड्याला कोणीतरी येतं. पुरुषांच्या बुटांत अमेरिकी नंबर आपल्याकडच्या यूके नंबरापेक्षा साधारण एकाने जास्त असतो. म्हणजे इथे तुम्ही आठ घालत असाल तर तिथे नऊ मागायचा. आठच मागितला तर इथला सात येतो, आणि सात ताणून आठ होत नाही. जमलं तर दुपारनंतर, खेळताना घालता तेच मोजे घालून बूट बघायला या. चालून पाय थोडे फुगलेले असतात, तोच खरा नंबर. आमच्याकडे नेटचा एक तुकडा आणि पाच नंबरची एक जुनी आयर्न (गोल्फची काठी) ठेवलेली आहे. नवे बूट घालून चार स्विंग मारल्याशिवाय घेऊ नका. त्यानंतर घरी गालिच्यावर घालून बघितलेला बूट बदलून देतो, मैदान बघून आलेला नाही.

माळ्यावरचे बूट हा वेगळाच प्रकार. चार-पाच वर्षं डब्यात जपून ठेवलेला, जेमतेम दोनदा घातलेला जोड येतो, आणि काउंटरवर ठेवेपर्यंत सोलचा भुगा पडायला लागतो. यात कंपनीने फसवलं असं नसतं. पॉलियुरेथेनचा सोल हवेतला दमटपणा शोषून आतून सडतो, आणि बूट वापरात नसेल तर ते कळतही नाही. स्पाइकचा असो वा बिनस्पाइकचा, भुगा झालेला सोल आम्हाला चिकटवता येत नाही, चिकटवायला काही उरलेलंच नसतं. बूट घाला. जपून ठेवू नका.

ओल्या बुटांसाठी घरगुती उपाय जुनाच आहे: आत वर्तमानपत्राचे बोळे, पंख्याखाली, सावलीत. बोळे दोन तासांनी बदला. उन्हात नको, हीटरसमोर नको, आणि गाडीच्या डिकीत तर मुळीच नको. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत सोलचा गोंद सुटलेले बूट आम्ही इतके पाहिलेत की हल्ली बघूनच ओळखतो. लागोपाठ दोन दिवस खेळणार असाल तर दुसऱ्या दिवशी दुसरा जोड. (बघा, परत दोन जोडच.)

स्पाइक घरीच बदलणाऱ्यांसाठी दोन शब्द. खुशाल बदला, दोन टोकांचा पाना आमच्याकडे मिळतो. पण ऑनलाइन ‘सगळ्या बुटांना चालतात’ असं लिहिलेलं पाकीट मागवण्याआधी तुमच्या बुटातला एक स्पाइक काढून समोर ठेवा. काहींना धातूचे बारीक आटे असतात, काहींना प्लास्टिकचे रुंद, आणि काही तर थोडे फिरवले की टक् आवाज होऊन बसतात. एकाची वाटी दुसऱ्याला चालत नाही. हाताने दोन फेरे सहज जात नसतील तर तो स्पाइक त्या बुटाचा नव्हे, तिथे जोर लावलात की आटे गेलेच. घट्ट अडकलेल्यावर तेल सोडू नका, आतल्या मातीचा लगदा होतो आणि लेदरला डाग पडतो. कोमट पाणी, जुना टूथब्रश, अर्धा तास धीर. तरीही हलला नाही तर आमच्याकडे आणा. अर्धवट तोडलेल्या स्पाइकपेक्षा अख्खा अडकलेला स्पाइक काढणं आम्हाला फार सोपं जातं, आणि तुम्हाला स्वस्त.

दुकानात येताना बूट धुऊन, वाळवून आणा. चिखलाचा बूट आम्ही ठेवून घेतो, पण त्याचा नंबर वाळल्यावर लागतो, म्हणजे दुसऱ्या दिवशी. मेच्या शेवटच्या आठवड्यात फार गर्दी असते, म्हणून पावसाळ्याचे स्पाइक बसवायचे असतील तर पंधरा-वीस दिवस आधी या. आणि दोन्ही बूट आणा. एकच बूट घेऊन येणारे महिन्यातून एकदा तरी भेटतात. दुसरा डिकीत असतो, आणि गाडी घेऊन ड्रायव्हर गेलेला असतो.