सूचीबद्ध अधिकारांचे तत्त्व (अमेरिका)

अमेरिकेच्या राज्यघटनेने संघीय सरकारला मोघम सत्ता दिलेली नाही; अधिकार एकेक करून लिहून दिले आहेत. यादीचा मोठा भाग पहिल्या अनुच्छेदाच्या आठव्या कलमात आहे: कर, कर्ज, आंतरराज्य व्यापार, नाणी, टपाल, सैन्य अशी 18 उपकलमे. उरलेले सारे राज्यांकडे किंवा जनतेकडे, असे 1791 ची दहावी दुरुस्ती सांगते. (भारतात नेमके उलटे आहे, अनुच्छेद 248 नुसार शेषाधिकार संसदेकडे.) अमेरिकी पुराणमतवाद्यांची मर्यादित शासनाची मांडणी या यादीवर उभी आहे. कायदा चांगला की वाईट हे नंतर पाहू, आधी हा अधिकार कुठे लिहिला आहे ते दाखवा, हा तिचा गाभा.

यादी सैल झाली ती व्यापाराच्या उपकलमातून. ओहायोतील शेतकरी रॉस्को फिलबर्न यांना संघीय कायद्याने गव्हासाठी 11.1 एकरांची मर्यादा ठरवून दिली होती. त्यांनी 23 एकर पेरले. जादा 239 बुशेल (धान्य मोजण्याचे अमेरिकी माप) गव्हावर बुशेलमागे 49 सेंट, म्हणजे 117.11 डॉलर दंड बसला. गहू घरच्या जनावरांना, पिठाला आणि बियाण्याला लागतो, हे म्हणणे सर्वोच्च न्यायालयाने 1942 मध्ये एकमताने फेटाळले: असे सगळेच करू लागले तर देशाच्या बाजारावर परिणाम होतो. हा तर्क मान्य केला की यादीबाहेर फारसे काही उरतच नाही.

पहिला अडसर 1995 च्या लोपेझ खटल्यात पडला. शाळेजवळ बंदूक बाळगण्यास बंदी करणारा संघीय कायदा रद्द झाला; असे बाळगणे हा व्यापार नव्हे, असा निकाल 5 विरुद्ध 4 मतांनी लागला. पण पुढच्याच वर्षी काँग्रेसने (अमेरिकी संसदेने) ‘आंतरराज्य व्यापारातून आलेली बंदूक’ एवढे शब्द घालून तोच कायदा पुन्हा केला. पळवाट अशीच निघते.

पुराणमतवादीही घसरतात, आणि हे स्पष्ट सांगितलेच पाहिजे. घरी वाढवलेल्या औषधी गांजावरील संघीय बंदी 2005 मध्ये टिकली, तेव्हा पुराणमतवादी न्यायमूर्ती स्कॅलिया बहुमताच्या निकालाशी सहमत होते; न्यायमूर्ती थॉमस यांनी मात्र विरोधी मत नोंदवले. दुसरी वाट पैशाची. दारू पिण्याचे वय 21 न करणाऱ्या राज्यांचा महामार्ग-निधी कापण्याच्या कायद्यावर 1984 मध्ये पुराणमतवादी राष्ट्राध्यक्ष रेगन यांनीच सही केली. थेट हुकूम नाही, पण अनुदानाची दोरी हातात. न्यायालयाने 1987 मध्ये तो वैध ठरवला.

2011 पासून प्रतिनिधिगृहात विधेयक मांडताना घटनात्मक आधाराचे निवेदन जोडावे लागते. प्रत्यक्षात अनेक सदस्य नुसते ‘अनुच्छेद 1, कलम 8’ लिहून मोकळे होतात. 18 पैकी कोणते उपकलम, हे सांगत नाहीत. नियमाचा जीव तिथेच जातो.

2012 च्या आरोग्यविमा खटल्यात सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी विमा घेण्याची सक्ती व्यापाराच्या उपकलमात बसत नाही असे म्हटले, पण न घेणाऱ्यावरील आकारणी हा कर मानून कायदा राखला. त्याच निकालात, मेडिकेडचा (गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्यविमा योजनेचा) नवा विस्तार नाकारणाऱ्या राज्याचे जुने अनुदानही थांबवणे ही जबरदस्ती ठरली, तीही 7 विरुद्ध 2 मतांनी.