कल्चरचा रिपोर्ट दुसऱ्याच दिवशी का मिळत नाही?

आमच्या लॅबच्या काउंटरवर हे रोज विचारलं जातं: "शुगरचा रिपोर्ट संध्याकाळी देता, मग लघवीच्या कल्चरला दोन-तीन दिवस कशाला?"

शुगर नुसती मोजायची असते. कल्चरमध्ये जंतू आधी वाढवावे लागतात. नमुना प्लेटवर पसरवून ३७ अंशांवर ठेवला की दुसऱ्या दिवशी ठिपके, म्हणजे कॉलनी, दिसतात. त्या जंतूंवर कोणतं अँटिबायोटिक चालतं हे पाहायला आणखी एक दिवस जातो. रक्ताच्या कल्चरची बाटली पाच दिवसांपर्यंत मशीनमध्ये ठेवतो. मध्येच वाढ दिसली तर थांबत नाही, डॉक्टरांना फोन करतो.

नवी तंत्रं आली आहेत. माल्डी-टॉफ मशीन प्रथिनांच्या वजनावरून काही मिनिटांत जंतू ओळखतं, पण त्याला सहसा वाढलेली कॉलनीच लागते. हे मशीन आमच्याकडे नाही. गरज पडली तर नमुना बाहेर पाठवतो आणि तसं रिपोर्टवर लिहितो. टीबीत मात्र खरंच फरक पडला. पूर्वी कल्चरला आठवडे लागत. सीबीनॅट ही जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी दोन तासांच्या आत टीबी आहे का आणि रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध चालेल का, दोन्ही सांगते. तशाच चाचणीचं गोव्यात बनणारं ट्रूनॅट मशीन तर बॅटरीवर चालतं. फक्त या चाचण्या मेलेल्या जंतूचा डीएनएही पकडतात, म्हणून उपचार लागू पडले का हे त्यांवरून ठरवत नाहीत.

नवी अँटिबायोटिक्स एवढ्या वेगानं येत नाहीत. २०२४ मध्ये न्यूमोनियासाठी भारतात विकसित झालेलं नॅफिथ्रोमायसिन जाहीर झालं; अशी बातमी क्वचितच येते. म्हणून आहेत ती जपून वापरा: पाकिटावर लाल रेघ असलेली, म्हणजे चिठ्ठीशिवाय न घ्यायची, उरलेली अँटिबायोटिकची गोळी घेऊन मग कल्चरला येऊ नका. जंतू दबतात, रिपोर्ट कोरा येतो, ताप तसाच.

आता नागपूरचं. मे महिन्यात गाडीची डिक्की म्हणजे आमचं इनक्युबेटरच (जंतू वाढवायची उबदार पेटी)! लघवीच्या इन्फेक्शनमध्ये नेहमी सापडणारा जंतू ई. कोलाय अनुकूल उबेत साधारण २० मिनिटांत दुप्पट होतो: एकाचे दोन तासांत ६४, चार तासांत ४,०९६. सकाळी नऊची लघवीची डबी बर्डीच्या बाजारातली कामं उरकून दुपारी एकला आणली, तर नसलेलं इन्फेक्शन रिपोर्टमध्ये दिसू शकतं. डबी आमच्याकडूनच न्या, सुरुवातीची धार सोडून मधली घ्या, दोन तासांत पोचवा. जमत नसेल तर फ्रीजमध्ये ठेवा (फ्रीझरमध्ये नको) आणि बर्फाच्या पिशवीसोबत आणा.

रविवारी कल्चरचे नमुने दुपारी १२ पर्यंतच घेतो.