मोरी

मोरी म्हणजे घराच्या कोपऱ्यात दोन किंवा तीन भिंतींच्या मधे बांधलेली, उघड्या बाजूला वीतभर कट्टा असलेली आणि एका भोकाकडे ढाळ दिलेली ओली जागा. आंघोळ, भांडी, धुणं, तांदूळ धुणं सगळं तिथेच. (कोकणात मोरी म्हटलं की आधी मासा आठवतो, त्याचा इथे संबंध नाही.) सरकारी बांधकाम खात्याच्या भाषेत रस्त्याखालून पाणी जायला ठेवलेल्या छोट्या वाटेलाही मोरीच म्हणतात आणि हा दुसरा अर्थ वाटतो तितका लांबचा नाही.

शब्द कुठून आला यावर एकमत नाही. एक मत असं की हा फारसी मूरीवरून आलाय, तिकडे मूरी म्हणजे पाणी वाहून न्यायची मातीची नळी किंवा पन्हळ, आणि बांधकामातले बरेच फारसी शब्द मध्ययुगात मराठीत आलेच त्यामुळे हेही तसंच असेल असं म्हणायला जागा आहे. दुसरं मत मुख, मोहरा या बाजूचं, म्हणजे मोरी म्हणजे तोंड किंवा उघडी जागा. पंजाबीत मोरी म्हणजे सरळ भोकच, हिंदीत मोरी म्हणजे गटार, आणि पायजम्याच्या पायाच्या तोंडाला मोहरी म्हणतात. दिल्ली आणि लाहोर दोन्हीकडे मोरी गेट आहे हेही या चर्चेत येतं, पण वेशीच्या नावावरून व्युत्पत्ती ठरवणं जरा धोक्याचंच. मराठीपुरतं बोलायचं तर 'मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा' ही म्हण जास्त कामाची वाटते. बोळा आंघोळीच्या जागेला लावता येत नाही, तो भोकालाच लागतो, म्हणजे म्हण तयार झाली तेव्हा मोरी हे भिंतीतल्या सांडपाण्याच्या भोकाचं नाव असणार आणि नंतर कधीतरी भोकाचं नाव त्याच्या अलीकडच्या अख्ख्या जागेला चिकटलं. रस्त्याखालची मोरी हा जुना अर्थ तसाच धरून राहिली. फारसी नळी आणि देशी तोंड या दोन्ही गोष्टी एकमेकीत मिसळल्याही असतील, पण भोक आधी आणि जागा नंतर हा क्रम दोन्ही मतांना चालतो.

न्हाणी या शब्दाचं तसं नाही, स्नान ते न्हाण हा रस्ता सरळ आहे. गंमत म्हणजे हाच शब्द भारतभरच्या प्लंबिंगमधे गेला, फरशीत बसवायच्या ट्रॅपला (भोकाखालचा, थोडं पाणी धरून गटाराचा वास अडवणारा भाग) इंजिनियर लोक इंग्रजी अंदाजपत्रकातसुद्धा नहाणी ट्रॅप लिहितात. याचं श्रेय एकट्या मराठीला देणं कठीण, कोकणीत न्हाणी आहेच आणि गुजरातीत नाहवुं हे क्रियापद आहे, आणि मुंबईच्या बांधकाम धंद्यात या सगळ्याच भाषा बोलल्या जायच्या.

अशी ढाळ दिलेली आंघोळीची जागा या उपखंडात फार जुनी आहे. मोहेंजोदडोत १९२० च्या दशकात उत्खनन झालं तेव्हा बऱ्याच घरांत विटांचे नहाणचौथरे सापडले, विटा घट्ट सांधे धरून बसवलेल्या, एका कोपऱ्याकडे उतार आणि पाणी भिंतीतून बाहेर गल्लीच्या गटारात. बघितलं तर आपली मोरीच. पण मधे चार हजार वर्षांचं अंतर आहे, त्यामुळे थेट वारसा सांगणं जरा जास्तच होतं. पाणी उताराने जातं आणि घराची बाहेरची भिंत सगळ्यात जवळ असते हे कोणालाही स्वतंत्रपणे सुचू शकतं.

पुण्याच्या वाड्यांत स्वयंपाकघराची मोरी वेगळी आणि बंब ठेवलेलं न्हाणीघर वेगळं असायचं. मुंबईच्या चाळीत दोन्ही एक झाल्या. एक खोली, संडास कॉमन आणि खोलीच्या एका कोपऱ्यात मोरी, तिच्यात पिंप. ब्रिटिश काळात सरकारने बांधलेल्या बीडीडी चाळींची खोली साधारण १६० चौरस फुटांची असायची (वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ इमारती होत्या), यावरून मोरीला किती जागा मिळत असेल याचा अंदाज यावा. जुन्या इमारतींत मोरी शक्यतो बाहेरच्या भिंतीला, कारण पाणी मागच्या हाऊसगल्लीतल्या (दोन इमारतींमधल्या अरुंद बोळातल्या) पाइपात सोडायचं असायचं. आता राष्ट्रीय इमारत संहितेत न्हाणीघराचं किमान क्षेत्रफळ १.८ चौ.मी. आणि रुंदी किमान १.२ मी. धरलीये.

बांधकामात सगळं लक्ष फरशी आणि भिंतीच्या सांध्यावर हवं, फरशी शहाबादी की कडप्पा की टाइल हा त्यामानाने छोटा प्रश्न आहे. गळती बहुतेक वेळा फरशीच्या मधून होत नाही, कोपऱ्यातून आणि ट्रॅपच्या गळ्याभोवतून होते, कारण भिंत आणि स्लॅब वेगवेगळ्या हलतात आणि सिमेंट तिथे केसाएवढं तडकतं. म्हणून बाथरूमचा स्लॅब आठ इंच ते फूटभर खाली घेतात, पाइप टाकून झाल्यावर वॉटरप्रूफिंगचा थर, त्यावर विटांच्या तुकड्यांचा कोबा, आणि कोपऱ्यात काटकोन न ठेवता गोलसर वाटा (मसाल्याची गोलाई) मारून तो थर भिंतीवर फूटभर तरी चढवतात. ढाळ फुटाला पाव इंच पुरतो. ट्रॅपमधे ५० मिमी पाणी उभं राहिलं पाहिजे, नाहीतर गटाराचा वास घरात.

शॉवर ट्रे, म्हणजे शॉवरखाली पाणी झेलायला बसवायचा उथळ तळ, ही कारखान्यात बनलेली मोरीच म्हणता येईल. हा प्रकार मुळात ब्रिटन-युरोपातला, तिकडच्या लाकडी मजल्यावर कोबा घालणं शक्य नसतं म्हणून ॲक्रिलिकचा, रेझिन-दगडाचा किंवा भाजलेल्या चिनीमातीचा तयार ट्रे आणतात. युरोपीय मानक ईएन १४५२७. तीन भिंतींच्या मधे बसवताना अडचण एकच येते, ट्रेला अचूक माप असतं आणि भिंतींना नसतं. गाळा, म्हणजे भिंतींमधलं अंतर, पुढे, मधे आणि मागे असा तीन ठिकाणी मोजावा लागतो. कमी पडला तर ट्रेच्या उंचीवर प्लास्टर खाचून कड आत घ्यायची, जास्त झाला तर भिंत पुढे आणायची. बोटभर फट सिलिकॉनने भरून काढणं हा उपाय नाही, सिलिकॉन दोन-तीन मिलिमीटरच्या सांध्यासाठी असतं. ट्रे आधी, टाइल नंतर, म्हणजे टाइल ट्रेच्या कडेवर उतरते आणि पाणी आतच पडतं. ट्रेखाली सिमेंट-वाळूच्या मसाल्याचा पूर्ण बिछाना हवा, नुसते चार गोळे ठेवले की वजनाने ट्रे वाकतो आणि कडेचा सांधा सुटतो. आणि ट्रे लेव्हलमधेच बसवायचा, उतार त्याच्या अंगातच असतो. मोरी करून हात बसलेला गवंडी इथे सवयीने ढाळ देतो आणि मग पाणी एका कोपऱ्यात साठून राहतं. ब्रिटिश ट्रेला बहुतेक ९० मिमीचं भोक आणि खाली ४० मिमीचा पाइप असतो, ती जोडणी टाइल लागायच्या आधी पाणी सोडून बघायची, नंतर तिथे हात पोचत नाही.

मोरीची चाचणी आहे तीच आहे, टाइल लावायच्या आधी भोक बंद करून पाणी कोंडायचं, पातळीची खूण भिंतीवर करायची आणि किमान २४ तासांनी खालच्या घराचं छत बघून यायचं. भोकाला लावायला रबरी प्लग मिळतात, पण साइटवर बहुतेक ठिकाणी गोणपाटाचा बोळाच दिसतो.