बुडालं ते एक्स्चेंज, बिटकॉइन नव्हे

"अहो, ते बिटकॉइन २०१४ सालीच हॅक झालंय," हे नाशिकला कॉलेज रोडच्या टपरीवर आजही छातीठोकपणे सांगितलं जातं. बिटकॉइन या डिजिटल चलनाचं तसं काही झालेलं नाही. बुडालं ते टोकियोचं माउंट गॉक्स हे एक्स्चेंज, म्हणजे बिटकॉइन खरेदी-विक्रीचा ऑनलाइन बाजार. फेब्रुवारी २०१४ मध्ये त्यांनी आधी ग्राहकांना बिटकॉइन काढून देणं बंद केलं, मग दिवाळखोरीचा अर्ज केला. सुमारे ८.५ लाख बिटकॉइन गायब म्हणाले. पैकी २ लाख पुढे त्यांच्याच जुन्या वॉलेटमध्ये, म्हणजे डिजिटल पाकिटात, सापडले. धन्य तो हिशेब!

गोम अशी की, एक्स्चेंजवर नाणी ठेवली की त्यांची गुप्त किल्ली, म्हणजे ती खर्च करायला लागणारा गुप्त आकडा, एक्स्चेंजच्याच हातात राहते. तुम्हाला स्क्रीनवर दिसतो तो त्यांच्या वहीतला आकडा. सराफ बाजारातल्या पेढीवर सोनं ठेवून पावती घ्यावी, तसंच हे. पेढी फुटली म्हणून सोनं खोटं ठरत नाही. पावतीवाल्याचे हाल मात्र कुत्रं खात नाही. बिटकॉइनचं नेटवर्क तेव्हाही चालूच होतं, साधारण दर १० मिनिटांनी नवा ब्लॉक, म्हणजे व्यवहारांच्या नोंदींचा नवा गठ्ठा.

"मग स्वतःकडे ठेवलं की झालं," हेही अर्धंच खरं. किल्ली परत मिळवून देणारे वॉलेटचे १२ किंवा २४ शब्द हरवले तर दाद कुणाकडे मागणार? गॉक्सच्या ग्राहकांना निदान कोर्ट तरी होतं. त्यांना बिटकॉइन परत मिळू लागले ते जुलै २०२४ मध्ये.