ट्रान्सप्लांटनंतर पुन्हा गोळ्या कशासाठी?

बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालं म्हणजे ब्लड कॅन्सर मुळापासून गेला, असं आपल्याकडे सर्रास धरून चालतात. खरं तर त्यानंतरच्या काही महिन्यांतच रोग उलटण्याची धास्ती सर्वांत जास्त असते. म्हणून रिपोर्ट चांगले असूनही काही रुग्णांना गोळ्या चालू ठेवतात. 'आता आणखी औषध कशाला?' हा घरच्यांचा प्रश्न रास्तच आहे, पण त्याचं उत्तर इतकं देखणं आहे की सविस्तर सांगितल्यावाचून राहवत नाही.

ट्रान्सप्लांटमध्ये दात्याच्या मूलपेशींबरोबर (रक्त तयार करणाऱ्या पेशींबरोबर) त्याच्या टी पेशीही, म्हणजे शरीराचं रक्षण करणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशीही येतात आणि उरल्यासुरल्या कॅन्सरग्रस्त पेशी हुडकून मारतात. 1990 साली दोन हजारांहून जास्त रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा हुबेहूब जुळ्या भावंडाकडून मूलपेशी घेतलेल्यांमध्ये रोग जास्त उलटलेला दिसला. जुळ्याच्या टी पेशींना रुग्णाची कुठलीच पेशी परकी वाटत नाही, मग त्या हल्ला करणार कुणावर? (बाळाच्या नाळेतलं रक्त 'पुढे ल्युकेमिया झाला तर त्यालाच उपयोगी पडेल' म्हणून साठवायला लावणाऱ्या जाहिराती नेमकी हीच गोष्ट सांगत नाहीत. शिवाय रोगाचं बीज असलेला जनुकीय बदल त्या रक्तात जन्मापासूनच असू शकतो.)

आता एएमएल (अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया) या वेगाने वाढणाऱ्या ब्लड कॅन्सरकडे येऊ. त्याच्या साधारण चौथ्या हिश्शाच्या रुग्णांत एफएलटी3 जनुकाचा एक तुकडा दोनदा छापला गेलेला असतो. त्यामुळे 'वाढ, वाढ' हा संदेश बंदच होत नाही. सोराफेनिब ही गोळी तो संदेश अडवते. जर्मनी-ऑस्ट्रियातल्या 83 रुग्णांच्या चाचणीत, ट्रान्सप्लांटनंतर दोन वर्षांनी रोग न उलटता जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण प्लेसिबो (औषध नसलेली नकली गोळी) गटात 53 टक्के होतं, तर सोराफेनिब गटात 85 टक्के.

नुसता संदेश अडवून एवढा फरक पडेल? जर्मनीतल्या फ्रायबुर्गच्या संशोधकांनी 2018 मध्ये याचा छडा लावला. एफएलटी3 मधला हा बदल असलेल्या कॅन्सरच्या पेशींमध्ये एटीएफ4 नावाचं प्रथिन आयआरएफ7 या दुसऱ्या प्रथिनाला दाबून ठेवतं. सोराफेनिबमुळे एटीएफ4 घटतं, आयआरएफ7 मोकळं होतं आणि इंटरल्युकिन-15 चं जनुक चालू करतं. इंटरल्युकिन-15 म्हणजे टी पेशींची रसदच! ती मिळाली की सीडी8 टी पेशींचा (कॅन्सरच्या पेशी थेट मारणाऱ्या टी पेशींचा) चयापचय वाढतो, त्या जास्त टिकतात आणि जास्त मारतात. म्हणजे कॅन्सरची पेशी स्वतःच आपल्या मारेकऱ्यांना पोसू लागते. उंदरांच्या प्रयोगात ल्युकेमियाच्या पेशींमधून इंटरल्युकिन-15 काढून टाकलं, तेव्हा हा फायदाही गेला.

आपल्याकडे या औषधाला वेगळाच इतिहास आहे. मूत्रपिंड आणि यकृताच्या कॅन्सरवरच्या याच गोळीचा महिन्याचा खर्च सुमारे 2 लाख 80 हजार रुपये होता. मार्च 2012 मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयाने नॅटको कंपनीला भारतातला पहिला सक्तीचा परवाना (पेटंट दुसऱ्या कंपनीचं असतानाही औषध बनवायची परवानगी) दिला आणि किंमत 8,800 रुपयांवर आणली. मुंबई उच्च न्यायालयाने 2014 मध्ये तो निर्णय कायम ठेवला. तो निकाल मला आजही अभिमानाचा वाटतो.

मात्र गोळी सरसकट सगळ्यांना नको. अंगावर पुरळ, तळहात-तळपाय सोलवटणं, जुलाब, रक्तपेशींचा काउंट घसरणं हे त्रास होतात, आणि दात्याच्या टी पेशी कॅन्सर सोडून त्वचा, आतडी, यकृत यांवरही उलटू शकतात, त्यावर सतत नजर ठेवावी लागते. याच जातकुळीतल्या गिल्टेरिटिनिबची 356 रुग्णांवर चाचणी झाली. सगळे रुग्ण एकत्र मोजले तर फायदा सांख्यिकीच्या कसोटीला थोडक्यासाठी उतरला नाही. पण दहा लाखांत एक पेशीही पकडणाऱ्या तपासणीत ज्यांच्यात ट्रान्सप्लांटच्या आधी किंवा नंतर रोगाचा अंश सापडला होता, त्यांच्या गटात (एकूण रुग्णांपैकी जवळपास निम्मे) तो फायदा स्पष्ट दिसला. त्यामुळे गोळीचा विषय निघाला की डॉक्टरांना आधी दोन रिपोर्ट विचारावेत: एफएलटी3 चा आणि उरलेल्या अंशाचा, म्हणजे एमआरडीचा.