पार्श्वभूमी: सोलापूरचे घरमाग आणि सरकारी मदतीच्या रेघा

कुटीरोद्योगांसाठी नवी योजना जाहीर झाली की सोलापूरच्या पूर्व भागात, म्हणजे मागवाल्यांच्या पेठांत, पहिला प्रश्न ठरलेला असतो: आपण त्यात बसतो का? मदतीच्या प्रत्येक योजनेने आजवर कुठे ना कुठे रेघ मारली आहे. माग हाताचा की विजेचा, जागा गावात की शहरात, कामगार किती, यंत्रे किती रुपयांची. सोलापूरचा धंदा घरात चालणारा, पण लाखोंच्या शहरात वसलेला. हातावर सुरू झालेला, पण पुढे विजेवर गेलेला. त्यामुळे तो बहुतेक वेळा नेमका रेघेवरच सापडला.

जुना काळ थोडक्यात. निजामाच्या मुलखातल्या तेलंगणातून विणकर कुटुंबे इथे येत गेली, साखर पेठ, पाच्छा पेठ, जोडभावी पेठ या भागांत वसली आणि 1877 मध्ये पहिली गिरणी उभी राहिली तरी घरातला माग काही थांबला नाही. 1896-97 च्या दुष्काळात विणकराला खडी फोडायला पाठवण्याऐवजी त्याच्याच मागावर काम द्यावे, सूत पुरवावे आणि कापड उचलावे, असा मार्ग सोलापुरात वापरला गेला. इथल्या विणकरासाठी सरकारी मदतीची ही सुरुवात म्हणता येईल, पण ती पोट भरण्यापुरती होती. धंदा वाढवणे हा तिचा हेतू नव्हता. 1904 चा सहकारी पतसंस्थांचा कायदा आणि 1912 ची त्याची सुधारित आवृत्ती आल्यावर सूतखरेदी आणि विक्रीसाठीही संस्था काढता येऊ लागल्या. 1935 पासून केंद्राने हातमागासाठी वर्षाला 5 लाख रुपये द्यायला सुरुवात केली. ही रक्कम साऱ्या देशासाठी होती, तेव्हा एका शहराच्या वाट्याला काय आले असेल, याचा अंदाज करायला फार गणित लागत नाही.

त्या काळातली एक गोष्ट मात्र पुढचे सारे समजून घ्यायला लागते. सरकारच्या डोळ्यांसमोर विणकर म्हणजे स्वतःचा माग, स्वतःची बायकामुले आणि सावकाराचे कर्ज असलेला माणूस होता. सोलापुरात असे विणकर होते, पण त्यांच्या जोडीला कारखानदार आणि आसामी ही व्यवस्थाही मुरलेली होती. कारखानदाराच्या शेडमध्ये दहा-पंधरा माग. त्यावर काम करणारा आसामी उचल घेऊन बांधलेला, कित्येकदा तिथेच मुक्कामाला. सहकारी संस्था कोणाची मानायची? सभासद म्हणून नाव विणकराचे, पण सुताची पेटी कोणाच्या शेडमध्ये उतरते, हे पेठेतल्या कोणालाही ठाऊक असे. दुसऱ्या महायुद्धात सुतावर नियंत्रण आले, कोटा संस्थेमार्फत मिळू लागला आणि सभासदांची संख्या झपाट्याने फुगली. नियंत्रण उठले तशी त्यातली बरीचशी हवा निघूनही गेली.

स्वातंत्र्यानंतर मदतीला धोरणाचे रूप आले. 1950 मध्ये काही प्रकारचे कापड विणायला गिरण्यांना मनाई करून ते हातमागासाठी राखून ठेवण्यात आले. 1953 मध्ये गिरणीच्या कापडावर वारामागे तीन पै जादा शुल्क बसवून तो पैसा खादी आणि हातमागाकडे वळवण्यात आला. त्यातूनच रिबेट सुरू झाले. सणासुदीला हातमागाच्या कापडावर सूट, आणि त्या सवलतीचा भार सरकारवर. रिबेटने माल हलवला हे खरे. रिबेटने कागदी संस्थाही जन्माला घातल्या, हेही तितकेच खरे, आणि दोन्ही गोष्टी सोलापूरच्या जुन्या माणसांना सारख्याच पाठ आहेत.

याच वर्षांत दिल्लीत दोन समित्यांनी परस्परविरुद्ध सल्ला दिला. एकीचे म्हणणे असे की, हातमागाला भविष्य नाही, पंधरा-वीस वर्षांत टप्प्याटप्प्याने त्याचे यंत्रमागात रूपांतर करावे. 1955 च्या दुसऱ्या समितीला रोजगाराची चिंता होती. नव्या यंत्रांनी हात रिकामे होतील, तेव्हा वाढती मागणी हातमागानेच भागवावी, असा तिचा कल. सरकारने दोघींनाही थोडेथोडे खूश केले. 1956 मध्ये दुसऱ्या पंचवार्षिक योजनेसाठी 35,000 यंत्रमाग हातमाग विणकरांच्या सहकारी संस्थांमार्फत बसवायला परवानगी मिळाली, आणि हातमागाचे संरक्षणही चालू राहिले. ठरलेल्या संख्येपर्यंत ही योजना कधी पोहोचली नाही. पण दार उघडले गेले होते आणि संस्थांच्या बाहेर, परवान्यासह आणि परवान्याविना, यंत्रमाग वाढत गेले. सोलापुरातही तेच झाले. गिरण्यांनी मोडीत काढलेले जुने माग विकत घेऊन, दुरुस्त करून ते घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभे राहिले. कालचा आसामी दोन मागांचा मालक झाला. यात फसवणूक होती असे म्हणणे अवघड आहे. सरकारनेच ज्या वाटेकडे बोट दाखवले, त्या वाटेने माणसे गेली.

आणि इथेच राखीवतेचा वाद सुरू होतो. सोलापूरच्या अलीकडच्या इतिहासात इतका लांबलेला, इतका गुंतलेला सरकारी निर्णय दुसरा नसेल.

1950 च्या यादीत गिरणी विरुद्ध हातमाग असा सरळ सामना होता. 1985 मध्ये संसदेने हातमागासाठी वस्तू राखून ठेवणारा स्वतंत्र कायदा केला तेव्हा प्रतिस्पर्धी बदलला होता. आता हातमागाचा बाजार खात होता तो यंत्रमाग. कायद्याखाली 22 प्रकार राखीव झाले. साडी, धोतर, लुंगी, टॉवेल-पंचे, चादरी-पलंगपोस, जमखाने, घोंगड्या अशी ती यादी होती. सोलापूरच्या पेठांत तोवर जॅकार्डवरच्या (नक्षी विणणाऱ्या यंत्रणेवरच्या) चादरीला आणि टॉवेलला नाव मिळाले होते, आणि ते मोठ्या प्रमाणावर विजेच्या मागावर निघत होते. म्हणजे ज्या घरातल्या आजोबांनी हातमाग चालवला, त्याच घरातल्या नातवाचा यंत्रमाग आजोबांच्या धंद्यावर आक्रमण करणारा ठरला. कायद्याच्या भाषेत यात काही विसंगती नव्हती. पेठेत मात्र ती रोज दिसत होती.

हातमागाच्या बाजूचे म्हणणे हलके नव्हते. एक यंत्रमाग अनेक हातमागांचे काम करतो. तेव्हा विजेच्या मागाला मोकळे सोडले तर वयस्क विणकर, घरात कांड्या भरणाऱ्या बायका, मागाच्या वहीत धागे ओवणारे, उभ्या धाग्यांचा ताणा करणारे असे सगळेच उघड्यावर येतात. राखीवता म्हणजे त्यांच्यासाठी धोरणातली एकमेव खरी भिंत. यंत्रमागवाल्यांचे उत्तर असे की भिंत सोलापुरात फार उशिरा बांधली गेली. ज्यांच्यासाठी ती बांधली, त्यातले बरेचजण तोवर भिंतीच्या पलीकडे गेले होते. शिवाय एखादा कापडाचा प्रकार राखीव यादीत बसतो की नाही हे विणीवर, धाग्याच्या जाडीवर, काठाच्या नक्षीवर ठरायचे. तपासायला आलेला माणूस घडी उलगडून भिंग लावणार आणि दोऱ्याच्या मोजणीवरून मालाचा गुन्हा ठरवणार. अशा कायद्याची अंमलबजावणी कशी होते, हे सांगायची गरज नाही.

देशभरच्या यंत्रमागवाल्यांनी न्यायालयांत धाव घेतली आणि अंमलबजावणी वर्षानुवर्षे अडकली. सर्वोच्च न्यायालयाने 1993 मध्ये कायदा वैध ठरवला. तीन वर्षांतच, 1996 मध्ये, यादी 22 वरून 11 प्रकारांवर आली. हातमागाचे कैवारी याला माघार म्हणतात, यंत्रमागवाले याला उशिरा सुचलेले शहाणपण म्हणतात. सोलापूरपुरते बोलायचे तर दुसरे म्हणणे वस्तुस्थितीच्या जास्त जवळ आहे. पण न्यायालयीन निकाल लागला तोवर हातमागावरचा आसामी म्हातारा झाला होता, आणि यादी छोटी करताना त्याचे काय, याचे उत्तर कोणी दिले नाही.

सुताच्या बाबतीतही हीच गुंतागुंत. हातमागाला सूत लडीत, म्हणजे सैल वेटोळ्यांत, लागते. यंत्रमागाला ते कोनावर, म्हणजे शंकूसारख्या नळीवर गुंडाळलेले, लागते. म्हणून सूतगिरण्यांनी आपल्या सुताचा ठरावीक वाटा लडीच्या रूपातच बांधला पाहिजे, असे बंधन आले आणि लडीच्या सुताला करात सवलत मिळाली. हा वाटा आधी 50 टक्के होता, 2003 मध्ये 40 आणि 2019 मध्ये 30 टक्क्यांवर आला. सवलतीचे सूत स्वस्त, म्हणून लडी घ्यायची, उलगडून पुन्हा कोनावर गुंडाळायची आणि यंत्रमागाला लावायची, हा उद्योग देशातल्या यंत्रमाग केंद्रांत चालला. गंमत अशी की या उलगडण्यातूनही काही घरांच्या चुली पेटल्या. अनुदान चुकीच्या मागावर गेले खरे, पण घरातल्याच बाईच्या हातून गेले.

आता गाव-शहराची रेघ. 1977 च्या औद्योगिक धोरणाने लघुउद्योगांपेक्षाही लहान असा 'अतिलहान' वर्ग काढला आणि त्याला खास वागणूक द्यायचे ठरवले. यंत्रांतली गुंतवणूक 1 लाखापर्यंत हवी आणि गाव 1971 च्या जनगणनेनुसार 50,000 च्या आतले हवे, अशा दोन अटी होत्या. पहिल्या अटीत सोलापूरचे कित्येक मागवाले आरामात बसत. दुसरीत मात्र शहरच बसत नव्हते, कारण 1971 मध्ये सोलापूरची लोकसंख्या चार लाखांच्या घरात होती. धोरणाच्या पुढच्याच वर्षी, 1978 मध्ये, जिल्हा उद्योग केंद्रे आली, एका खिडकीवर सगळे मिळेल असे सांगण्यात आले, पण खिडकीच्या आतला फॉर्म तोच होता. ठिकाणाची अट 1991 मध्ये गेली, गुंतवणुकीची मर्यादा 5 लाख झाली. चौदा वर्षांत किती शेड उभ्या राहिल्या आणि किती मोडल्या, हे कोणत्याही अहवालात शोधून उपयोग नाही.

तिसरी रेघ आकड्यांची. चार मागांपर्यंतच्या कारखान्यांना एके काळी अबकारी शुल्कातून सूट होती. विजेवर चालणाऱ्या जागेत तेव्हा दहा कामगार झाले की कारखाना कायदा लागू होई, वीस झाले की भविष्य निर्वाह निधी. अशा अटी असल्या की काय होते, ते अक्कलकोट रोडच्या वाटेवरच्या जुन्या शेड पाहिल्या की कळते. एकाच पत्र्याखाली मध्ये अर्धवट भिंती, दारावर वेगवेगळ्या नावांच्या पाट्या, एकापेक्षा जास्त वीजमीटर. मालकी भावाची, बायकोची, मुलाची. बाहेरून चार कारखाने, आतून आवाज एकच. मदत लहानांना, मग सगळेच लहान. भविष्य निर्वाह निधीचा सोलापुरातला लांबलेला वाद याच भिंतींवरून आहे. या सगळ्या नावांचा हिशेब एकत्र धरायचा की वेगळा? मालकांचे म्हणणे, धंद्याला एवढा बोजा झेपत नाही. कामगाराचे म्हणणे, तीस वर्षे माग चालवला, पण कागदावर मी कुणाचाच नाही. उद्योगाला लहान ठेवणाऱ्या सवलतींचा खर्च सर्वांत जास्त ज्याने उचलला, तो हा माणूस.

विडीचा उल्लेख इथे ओझरताच करता येतो. घरी बसून चालणारा, बायकांच्या हातचा, सोलापुरातला एवढा मोठा उद्योग, तरी कुटीरोद्योगाच्या मदतीत तो कधी आला नाही. 1966 चा कायदा आणि 1976 चा कल्याण निधी यांनी विडीकाम मजुरी म्हणून ओळखले. त्यामुळे तिथे भांडण कर्जाचे झाले नाही, मजुरीचे आणि घराचे झाले. घरे मात्र मिळाली: कुंभारीजवळ आधी दहा हजारांची वसाहत आणि जानेवारी 2024 मध्ये दुसऱ्या, 30,000 घरांच्या प्रकल्पातल्या पहिल्या 15,000 घरांचे वाटप. कुटीरोद्योगाच्या कुठल्याही अनुदानापेक्षा या घरांनी पूर्व भागातल्या बायकांचे आयुष्य जास्त बदलले, असे म्हणायला हरकत नाही.

1999 पासून भर यंत्रे बदलण्यावर आला. जुने माग काढून नवे शटललेस (धोट्याविना चालणारे) माग घ्यायला व्याजात सवलत आणि भांडवली अनुदान मिळू लागले. तारण असलेल्यांनी ते घेतले, निर्यातीच्या टॉवेलमध्ये सोलापूर पुढे गेले. चार जुने माग असलेल्याकडे तारण म्हणून ते चार मागच होते. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळाले, पण त्याने चादरीची जागा घेणाऱ्या पानिपतच्या स्वस्त, मऊ मिंक ब्लँकेटचा भाव वाढला नाही. मानांकन नावाचे रक्षण करते. ग्राहकाने चादरच सोडली तर त्याचा इलाज त्यात नाही.

2006 च्या कायद्याने लघुउद्योगांची भाषाच बदलली. सूक्ष्म, लघु, मध्यम अशी वर्गवारी आली. सूक्ष्म उद्योगाची मर्यादा तेव्हा यंत्रांत 25 लाख होती, 2020 मध्ये 1 कोटी झाली, एप्रिल 2025 पासून अडीच कोटी आहे. पत्र्याच्या शेडमधले चार माग आणि दोन कोटींचा आधुनिक कारखाना आता एकाच रांगेत उभे आहेत, आणि बँकेत कोणाचा अर्ज आधी उचलला जातो, यात गूढ काही नाही. 2008 च्या रोजगारनिर्मिती योजनेत गाव-शहराची रेघ पुन्हा आहेच. सर्वसाधारण गटाला शहरात प्रकल्पखर्चाच्या 15 टक्के अनुदान, ग्रामीण भागात 25. महिला आणि इतर विशेष गटांना 25 आणि 35. महापालिकेच्या हद्दीबाहेरच्या पत्त्याला त्यामुळे कागदावर जास्त किंमत येते. अलीकडच्या योजनांत कडक भाकरी आणि शेंगाचटणी करणाऱ्या बचत गटांना मात्र वाट सोपी गेली, कारण 2020 च्या अन्नप्रक्रिया योजनेत 35 टक्के अनुदान शहर-गाव असा भेद न करता मिळते.

हातमाग, हस्तकला आणि यंत्रमाग यांची अखिल भारतीय सल्लागार मंडळे 2020 मध्ये बरखास्त झाली. सप्टेंबर 2023 मध्ये पारंपरिक कारागिरांसाठी नवी योजना आली: 18 व्यवसाय, 15,000 रुपयांपर्यंतची अवजारे, आधी 1 लाख आणि नंतर 2 लाखांचे कर्ज 5 टक्के व्याजाने. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट, शिंपी सगळे यादीत आहेत, विणकर नाही. सोलापुरात शालेय गणवेश शिवण्याचा धंदा वाढलेला असल्याने शिंप्याच्या रकान्यात बसणारी घरे इथे पुष्कळ आहेत, आणि माग असलेल्या घरातही कोपऱ्यात शिलाई मशीन असतेच. विणकरांसाठी वेगळ्या योजना आहेत, असे यावरचे सरकारी उत्तर आहे. त्या हातमागाच्या विणकरासाठी आहेत. विजेच्या मागावर रोजंदारी करणाऱ्याला त्या लागू होत नाहीत.