झोप आली नाही म्हणजे गोळी चढली नाही, असं नसतं

सर्दीची किंवा खाजेची गोळी घेतली की पेंग येते, का येते? तर हिस्टामिन नावाचं शरीरातलं एक रसायन नाकात असलं की शिंका आणतं पण तेच मेंदूत आपल्याला जागं ठेवायचं काम करतं, आणि क्लोरफेनिरामिन, डायफेनहायड्रामिन, प्रोमेथाझिन ही जुनी औषधं मेंदूत शिरून तिथलंही हिस्टामिन अडवतात. फेक्सोफेनाडिनसारखी नवी औषधं मेंदूत फारशी जात नाहीत. सेटिरिझिनने मात्र काहींना झोप येतेच.

‘मला नाही येत झोप, मी गाडी चालवतो’ म्हणणाऱ्यांची मला जास्त भीती वाटते. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाचा एक प्रयोग २००० साली छापून आला, त्यात लोकांना सिम्युलेटरवर, म्हणजे खऱ्या रस्त्याऐवजी नकली गाडीच्या यंत्रावर, गाडी चालवायला दिली, कधी दारू पाजून, कधी डायफेनहायड्रामिन देऊन, तर सगळ्यात खराब ड्रायव्हिंग डायफेनहायड्रामिनवर झालं, दारूपेक्षाही! आणि किती पेंग आल्यासारखं वाटतंय यावरून कोण किती चुकेल याचा नीट अंदाजही येत नव्हता.

रात्री घेतली म्हणजे सकाळी उतरली असंही नाही. क्लोरफेनिरामिन मोठ्या माणसाच्या रक्तात निम्मं व्हायलाच साधारण २० तास लागतात.

म्हणून आधी स्ट्रिप उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचा, मोबाइलचा टॉर्च लावून वाचा हवं तर. सर्दीच्या गोळीत पॅरासिटामॉल, फिनाइलएफ्रिन आणि शेवटी गुपचूप क्लोरफेनिरामिन मॅलिएट असतं, खोकल्याच्या औषधातही तेच निघतं, वर खाजेची वेगळी गोळी घेतली की झाला ना डबल डोस. दारू, झोपेची गोळी, कोडीनवालं कफ सिरप यातलं काही सोबत असेल तर गुंगी वाढते, श्वासही मंदावू शकतो.

काचबिंदू असेल किंवा प्रोस्टेटमुळे लघवी अडकत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच, कारण ही औषधं डोळ्यातला दाब वाढवू शकतात, लघवी तुंबवतात, तोंड कोरडं पडतं ते वेगळंच. वयस्कर माणसं यावर गोंधळतात, रात्री बाथरूमला उठून पडतात. लहान मुलांचं कधीकधी उलटंच, झोपायच्या ऐवजी घरभर नाचतात, पण म्हणून मूल झोपावं यासाठी हे देऊ नका, २ वर्षांखालच्या मुलांना तर प्रोमेथाझिन अजिबात नाही, श्वास बंद पडू शकतो.

आणि हो, ॲलर्जीची स्किन टेस्ट करायची असेल तर गोळी काही दिवस आधीच बंद करावी लागते, किती दिवस ते डॉक्टर सांगतील, नाहीतर ॲलर्जी असूनही त्वचेवर गांधच उठत नाही आणि रिपोर्ट निगेटिव्ह येतो.